वंशावळीतून गाळलेलं नाव

घराचा नकाशा काढून घ्यायला कुणी आलं की मी लगेच पेन्सिल हातात घेत नाही. आधी विचारतो, "उतारा कुणाच्या नावावर आहे?" बहुतेकांचा तो वडिलांच्या नावावर असतो आणि वडील जाऊन बरीच वर्षं झालेली असतात. मग मी दुसरा प्रश्न विचारतो, "भावंडं किती?" इथं माणसं जरा वैतागतात. खाली दोन गाळे काढायचेत, वर राहायचंय, त्यात भावंडांचा काय संबंध? मी समजावून सांगतो. बांधकामाची परवानगी जागेच्या मालकाला मिळते, मेलेल्या माणसाला मिळत नाही. म्हणून आधी वारसा लावायचा, आणि वारसा लावायचा तर वंशावळ पाहिजे. वडील, आई, त्यांची सगळी मुलं, मुली, हयात असलेली आणि गेलेलीसुद्धा. "एकही नाव गाळू नका," हे मी बेळगावात, निपाणीत, खानापूरकडच्या खेड्यांत किती जणांना सांगितलं असेल, आता आठवतही नाही. लग्न होऊन गेलेल्या बहिणी लोक हटकून विसरतात, म्हणून त्यांचं मी वेगळं विचारतो.

माझ्या स्वतःच्या घराच्या कामात मात्र मी एक नाव गाळलं. माझ्या सख्ख्या बहिणीचं.

आमचं घर शहापुरात. पुढून अरुंद, मागे लांबलचक, आणि परसात आड. पुढच्या खोलीत दोन हातमाग होते. एकावर आप्पा, म्हणजे आमचे वडील बसायचे, दुसऱ्यावर आई. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून ती दोघं सकाळपासून बसलेली असायची आणि आम्ही मुलं त्या खडखडाटातच अभ्यास करायचो. आम्ही तिघं. आक्का थोरली, मग अण्णा, मग मी. आक्का शाळेतून आली की रहाटावर सुताच्या कांड्या भरायची, पण तिची खरी आवड साडीच्या काठाच्या नक्षीची. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरत ती मोर, कोयऱ्या, देवळाची शिखरं उतरवायची. मी शेजारी बसून बघायचो. एकदा तिनं माझ्या हातात पट्टी दिली आणि म्हणाली, "पट्टी दाबून धर, पेन्सिल नको दाबूस." आजही मी काम करतो ते तिनं शिकवलेल्या हातानंच. पुढं डिप्लोमा झाला, लायसन्स मिळालं, पण पहिली सरळ रेघ तिनं माझ्याकडून काढून घेतली होती.

गल्लीतल्या घरांची कौलं बदलायला खानापूरकडच्या कारखान्यातला एक माणूस पावसाळ्याआधी यायचा. आमच्या जातीचा नव्हता. मी दहावीत असताना एका सकाळी आक्का देवळात जाते म्हणून गेली ती परत आली नाही. तिसऱ्या दिवशी नंदगडहून पत्र आलं. लग्न केलंय, सुखात आहे, शोधू नका.

आप्पांनी पत्र वाचलं, घडी केली आणि परसात गेले. आडातून घागर शेंदली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर ओतून घेतली. मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी आंघोळ. मग आईला बोलावलं, मग अण्णाला, मग मला. मी रडत होतो, पण ओणवा झालो. पाणी गार होतं. आई ओल्या केसांनीच परत मागावर जाऊन बसली. त्यानंतर घरात आक्काचं नाव कुणी घेतलं नाही.

आई गेली तेव्हा कुणीतरी तिला कळवलं असावं. आम्ही तिरडी उचलून गल्लीच्या तोंडाशी आलो तर बंद दुकानाच्या फळीला धरून आक्का उभी होती. माझ्या खांद्यावर तिरडी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी खाली बघितलं. आप्पा पुढं चालले होते, ते थांबले नाहीत, म्हणून आम्हीही थांबलो नाही.

आप्पा पुष्कळ जगले. माग तोवर कधीच निघून गेले होते, खड्डे बुजवून वर फरशी घातली होती. आप्पा गेल्यावर वर्षश्राद्ध झालं आणि अण्णानं विषय काढला. घर पाडायचं, खाली दोन दुकानं काढायची, वर दोघांना दोन मजले. एक दुकान त्याच्या मुलाला, एक भाड्यानं.

"कागदाचं सगळं तूच बघ," तो म्हणाला. "तुझं रोजचंच काम हाय."

मी अर्ज लिहायला बसलो. कन्नडमधला छापील अर्ज, मला तोंडपाठ असलेला. मयताचं नाव, पत्नीचं नाव. मग मुलांचे रकाने आले आणि माझं पेन थांबलं.

"अण्णा, तिघं लिहायचं का?"

तो खुर्चीत बसला होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "दोघंच की आपण."

"कायद्यानं…"

"कायदा मला नको शिकवू. आप्पांनी आंघोळ केलती. आपण दोघांनीबी केलती. ती हाय म्हणून आता तू लिहितोस व्हय? आप्पांचं वर्ष झालंय, वर्ष."

मी दोन नावं लिहिली. माझ्याच हातानं, माझ्या नेहमीच्या स्वच्छ अक्षरात. त्या वेळी मला काय वाटलं ते आता सांगणं अवघड आहे. फार काही वाटलं नाही, हे खरं. एवढी वर्षं ती घरात नव्हतीच, कागदावर नसली तर काय बिघडतं, असं काहीतरी.

चौकशीला तलाठी आले. दोन पंच लागतात, म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या काकांना बोलावलं. आक्का त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तलाठ्यांनी विचारलं, "मुलं किती?" काकांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हे दोघं दिसत्यात की." आणि सही केली. 'दोघंच' असं ते म्हणाले नाहीत. खोटं फक्त माझ्या अर्जात होतं.

वारसा लागण्याआधी हरकतीची नोटीस लावतात. कुणाचा हक्क राहिला असेल तर त्यानं ठरलेल्या मुदतीत येऊन सांगावं. कुणाची तरी फाईल घेऊन त्या ऑफिसात माझं जाणं रोजचंच होतं, त्यामुळं आमची नोटीस मला रोज दिसायची. फळ्यावर, इतर दहा कागदांच्या मध्ये. मी लोकांच्या नोटिसा वाचतो तशी ती वाचायला लागलो. अमुक मयत, त्यांना दोन मुलगे. कुणाची हरकत आहे का? नंदगडात बसलेल्या बाईला शहापूरच्या घराची नोटीस कुठून दिसणार? मला ठाऊक होतं की कुणी येणार नाही, तरी रोज बघायचो, कुणी आलं का.

मुदत संपायला चार दिवस राहिले असताना सकाळी मी मोटारसायकल काढली. घरी निपाणीच्या साइटवर जातो म्हणून सांगितलं आणि उलट्या दिशेला लागलो. पिरनवाडी मागे पडली. तिथली निम्मी घरं माझ्याच नकाशांवर उभी आहेत, एरवी मी येताजाता त्यांच्या खिडक्या बघत जातो. त्या दिवशी काही बघितलं नाही. खानापूर ओलांडून नंदगडला पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. कौलाच्या कारखान्यातल्या माणसाचं घर विचारत गेलो. "ते वारले की," एकानं सांगितलं आणि बोटानं घर दाखवलं.

ती ओसरीवर बसून चवळी निवडत होती. केस पांढरे झालेले, अंगानं बारीक. मी गाडी रस्त्यावरच लावली, चालत अंगणात येऊन उभा राहिलो. कोण म्हणून सांगावं ते सुचेना.

तिनं सूप खाली ठेवलं. "ये," म्हणाली. "आप्पागत चालतोस रं. लांबनंच ओळखलं."

पाणी दिलं, चहा केला. मुलगी खानापूरला शाळेत शिकवते, संध्याकाळी येते, म्हणाली. आप्पा गेल्याचं तिला कळलं होतं. "आलते मी," ती म्हणाली. "गल्लीपर्यंत न्हाय आले. देवळापाशी बसले आणि परत आले."

मी तिला सगळं सांगितलं. घर पाडणार, वंशावळ, अर्ज, नोटीस. दोन नावं लिहिली हे सांगताना मी चहाच्या बशीकडं बघत होतो.

ती ऐकून घेत होती. मग तिनं विचारलं, "मला मेलेली लिहिलंस, का नसलेली?"

मला कळलं नाही असं मी दाखवलं. तिनं परत विचारलं, सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं. वंशावळीत मेलेल्यांचीही नावं असतात, पुढं कंसात मयत म्हणून लिहितात. हे तिला कुठून ठाऊक होतं कोण जाणे. नवऱ्याच्या वेळेला कागद केले असतील.

"नसलेली," मी म्हणालो.

"असू दे," ती म्हणाली. पण सूप मांडीवर घेऊन तिनं चवळी निवडायला सुरुवात केली आणि तिची बोटं नुसतीच दाण्यांवरनं फिरत राहिली. मला एका दाण्यावरही ती थांबलेली दिसली नाही.

थोड्या वेळानं तिनं नकाशा आणलाय का विचारलं. माझ्या पिशवीत होता. मी ओसरीवर पसरला, चार कोपऱ्यांना चार भांडी ठेवली. तिनं चष्मा आणला. तिला नकाशा समजत होता. नक्षी उतरवणारी बाई ती, चौकोन वाचायची सवय असलेली. बोट ठेवत ती पुढच्या बाजूनं आत गेली. "हे दुकान. हे बी दुकान. हा जिना. आणि आईची जागा कुठं आली?"

मी बोट ठेवलं. तिथं मी 'पार्किंग' लिहिलं होतं. गाळे काढायचे म्हणजे गाड्यांना जागा दाखवावीच लागते, नाहीतर नकाशा पास होत नाही. आई ज्या खड्ड्यात पाय सोडून बसायची, नेमक्या त्याच जागेवर दोन दुचाक्या आखल्या होत्या.

"गाड्यांना पायजेच की," आक्का म्हणाली. आणि मग पार्किंगच्या रेघेवरनं बोट फिरवत, "रेघ अजून सरळ येतीया तुझी."

तिथून निघताना मी तिला सांगितलं की मी अर्ज मागं घेणार, तिचं नाव घालणार. तिनं विचारलं, "अण्णाला विचारलंस?" मी नकाशा पिशवीत घातला. "मला जागा नको रं," ती म्हणाली. "सोडून देते मी, कुठं सही करायची सांग. पण नाव घाल. आईच्या पोटची हाय मी, एवढं कुठंतरी असू दे."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन स्वतःच्या अर्जावर स्वतःच हरकत घेतली. तिथल्या अधिकाऱ्यांनी आधी ती दुसऱ्या कुणाची फाईल समजून घेतली. मग नाव वाचून चष्मा काढला. "तुम्ही?" एवढंच म्हणाले. मी खाली बघून प्रतिज्ञापत्र पुढं केलं. सगळी प्रक्रिया पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा चौकशी, पुन्हा पंच. म्हाताऱ्या काकांनी या वेळी विचारायच्या आधीच सांगितलं, "तिघं," आणि सही केली.

अण्णाला मी हरकत घेतली त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आप्पांना तू दुसऱ्यांदा मारलंस," म्हणाला आणि उठून आत गेला. वहिनीनं माझ्यासमोर चहा आणून ठेवला होता, तो तिनं तसाच परत नेला. त्यानंतर अण्णा माझ्याशी कामापुरतंच बोलायचा, तेही वहिनीमार्फत.

नवी वंशावळ हातात आली तेव्हा मी ती ऑफिसच्या पायरीवर बसून वाचली. तीन नावं. वयानं थोरली म्हणून पहिलं तिचं. वाटलं होतं की जीव हलका होईल. पण मला वाटलं, हा कागद पस्तीस वर्षांपूर्वी आईच्या हातात पाहिजे होता.

हक्कसोड पत्रावर तिघांच्या सह्या लागत होत्या. नोंदणीच्या दिवशी आक्का सकाळच्या बसनं एकटीच आली. इस्त्रीचं पातळ नेसलेली, हातात कापडी पिशवी. अण्णा आधीच बाकावर बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून. आमचा नंबर यायला बराच वेळ लागला. मी उभा होतो. आक्कानं एकदा विचारलं, "अण्णा, गुडघ्याचं कसं हाय?" त्याचा गुडघा दुखतो हे मीच तिला कधीतरी बोललो होतो. अण्णा समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाला, "हाय." तिनं मान हलवली. सही करताना तिनं पेन घट्ट धरलं नाही, अक्षर ताणून सरळ काढलं. तिनं आपलं आडनाव माहेरचं लिहिलं आणि मग खोडून सासरचं लिहिलं. खोडलेल्या ठिकाणी पुन्हा छोटी सही करावी लागली.

बाहेर आल्यावर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "घर बघून जाऊ का? लांबनंच."

मी तिला शहापुरात घेऊन गेलो. अण्णा आमच्या आधी रिक्षानं पोचला होता. कंत्राटदाराची माणसं आदल्या आठवड्यात येऊन कौलं उतरवून गेली होती. भिंती होत्या, वर आकाश. दाराची चौकट अजून जागेवर होती आणि अण्णा चौकटीत उभा होता. आक्का गल्लीत, दोन पायऱ्या खाली. तिला आत जायचं असेल तर त्यानं फक्त बाजूला व्हायला हवं होतं, किंवा 'ये' म्हणायला हवं होतं. मी म्हणू शकलो असतो. माझंही घर होतं ते. त्याच्या तोंडून यावं म्हणून मी थांबलो, आणि थांबता थांबता वेळ गेली. तिनं चौकटीच्या बाजूनं, त्याच्या खांद्यावरून जेवढं दिसलं तेवढं बघितलं. मग म्हणाली, "चार वाजताची बस चुकंल," आणि वळली. शेजारच्या काकांनी खिडकीतून तिला हाक मारली, ती त्यांना नमस्कार करून पुढं गेली. मी तिला बसमध्ये बसवून दिलं.

महिन्यानं नकाशा पास झाला. पायाचं खणताना मागाचे दोन्ही खड्डे लागले, वरच्या फरशीखाली मातीनं भरलेले. एकात आईचा मोडका धोटा सापडला, मागावर आडवं सूत फिरवायचा. मी तो आक्काला नेऊन दिला. तेव्हाच ती आजारी होती, पण आम्हाला कळू दिलं नाही.

वास्तुशांतीच्या पत्रिकेत तिचं नाव नव्हतं. मी ती तशीच वाटली. त्या दिवशी पंगती उठल्यावर अण्णा स्वयंपाकघरात गेला. बाहेर आला तो हातात चार पुडांचा डबा घेऊन. माझ्या पुढ्यात ठेवला आणि कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलला. "गरम हाय तवर जा."

कुठं, ते त्यानं सांगितलं नाही. मी गेलो. आक्का अंथरुणावर होती, तिच्या मुलीनं तिला उशीला टेकवून बसवलं. पुरणपोळीचा तुकडा तिनं तुपात बुडवून खाल्ला, मग दुसरा.

"अण्णानं दिलं?"

"व्हय."

"आणि ये म्हटला न्हाय."

"न्हाय."

"बरं," ती म्हणाली आणि तिसरा तुकडा मुलीला दिला.

त्या थंडीत ती गेली. मी अग्नी द्यायला होतो, अण्णा आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी माझं ऑफिस उघडत होतो तर तो शटरपाशी उभा. दाढी वाढलेली, स्वेटर उलटा घातलेला. "तिकडं जायचंय," म्हणाला. गुडघ्यामुळं त्याला मोटारसायकलवर नीट बसता येत नाही, तरी बसला. नंदगडपर्यंत त्यानं माझा खांदा धरला होता. पिरनवाडीच्या पुढं कुठंतरी मला कळलं की तो रडतोय. मी गाडी थांबवली नाही.

आक्काच्या मुलीनं आम्हाला ओसरीवर बसवलं. ती अण्णाला पहिल्यांदाच बघत होती. तिनं चहा आणला आणि त्याच्यासमोर वाकून विचारलं, "मामा, साखर चालतीया न्हवं तुम्हाला?"

अण्णानं कप घेतला. ती उत्तराची वाट बघत तशीच वाकून उभी राहिली. तो नुसतीच मान हलवत राहिला, होय म्हणून, कितीतरी वेळ, आणि त्याच्या हातातल्या चहावर साय धरली.